मॅडमनी वदवून घेतलेला प्रश्न

पुरुषाच्या लिंगातला स्नायू एरवी आकसलेला असतो. तो सैल पडला की ताठरता येते. आमच्या फार्माकॉलॉजीच्या मॅडमनी हे खणखणीत आवाजात सांगितलं आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. साल १९९८. त्या मार्चमध्ये अमेरिकेत व्हायग्राला परवानगी मिळाली होती आणि जो तो त्यावर विनोद करत होता. मॅडमनी हसू ओसरू दिलं आणि खडू उचलला.

मी आज जी काही डॉक्टरकी करतो, तिचा मोठा भाग त्या खडूचा आहे.

प्रॅक्टिकलला आम्ही गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा टांगायचो. असिटिलकोलीन घातलं की तो आकसायचा आणि काजळी धरलेल्या ड्रमवर रेघ वर चढायची. मॅडम म्हणायच्या, "हेच औषध सशाच्या महाधमनीला दिलं तर ती सैल पडते. पण आतलं नाजूक अस्तर शाबूत असेल तरच." रॉबर्ट फर्चगॉट यांनी हे १९८० मध्ये दाखवलं होतं. अस्तरातून निघणारा तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू. १९९८ च्याच ऑक्टोबरात फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल मिळालं, तेव्हा मॅडमना घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता.

लिंगात हा वायू मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून सुटतो. त्याच्यामुळे स्नायूच्या पेशीत सायक्लिक जीएमपी तयार होतं, कॅल्शियम उतरतं, स्नायू सैलावतो आणि रक्त भरतं. पीडीई-५ नावाचं एन्झाइम ते जीएमपी मोडत राहतं. सिल्डेनाफिल (म्हणजे व्हायग्रा) काय, टाडालाफिल काय, दोन्ही या एन्झाइमलाच अडवतात. मॅडमची बादली मला अजून आठवते: गोळी बादलीचं भोक बुजवते, नळ सोडत नाही. म्हणून इच्छा नसेल तर गोळी स्वतःहून काही करत नाही. आणि जुन्या मधुमेहानं मज्जातंतू व अस्तर दोन्ही खाल्ली असतील, तर ती अनेकदा तोकडी पडते.

दोन्ही गोळ्यांत फरक मुख्यतः मुक्कामाचा. सिल्डेनाफिलची रक्तातली पातळी सुमारे चार तासांत निम्मी होते, टाडालाफिलला साडेसतरा तास लागतात. सिल्डेनाफिल डोळ्याच्या पडद्यातल्या भाऊबंद एन्झाइमलाही थोडं छेडतं, म्हणून काहींना निळसर दिसतं.

लिंगात द्यायच्या इंजेक्शनची गोष्ट वेगळी. अल्प्रोस्टॅडिल सायक्लिक एएमपीच्या वाटेनं जातं, त्याला मज्जातंतूचा निरोप लागत नाही. अफूतून मिळणारं पापावेरीन एक सोडून अनेक फॉस्फोडायस्टरेझ अडवतं. त्यानं ताठरता तासन्‌तास न उतरण्याचा धोका जास्त. जाइल्स ब्रिंडली यांनी १९८३ मध्ये लास व्हेगासच्या परिषदेत स्वतःला इंजेक्शन घेऊन परिणाम श्रोत्यांना प्रत्यक्ष दाखवला, हेही मॅडमनी चेहऱ्यावरची रेष न हलवता सांगितलं. तेवढा निर्विकारपणा मला अजून साधलेला नाही.

पण खरं देणं पुढचं आहे. तोंडी परीक्षेआधी त्यांनी प्रत्येकाला उभं करून एक प्रश्न मराठीत मोठ्यानं विचारायला लावला: "पहाटे ताठरता येते का?" येत असेल तर नळ शाबूत असण्याची शक्यता बरीच. मुलींनीही विचारला, मुलग्यांनीही. एक जण पुटपुटला, तर त्याला पुन्हा उभं केलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही लाजलात तर पेशंट बोलणार कसा?"

माझ्या दवाखान्यात माणसं "कमजोरी आहे" एवढंच म्हणून भिंतीकडे बघतात. मी मॅडमचा प्रश्न विचारतो, मग साखर, रक्तदाब आणि छातीत दुखण्याबद्दल. अनेकदा ही तक्रार हृदयविकाराच्या आधी येते, कारण अस्तर सगळीकडचं एकच. कित्येकांचा मधुमेह मला असाच सापडला. मॅडम आता नाहीत. त्यांना हे सांगायचं राहून गेलं.

वाचकांना एवढंच सांगणं: सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट औषधं चालू असतील तर ताठरतेच्या या गोळ्या घेऊ नका, दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. आणि गोळी घेतल्यावर छातीत दुखलं, तर दवाखान्यात पोचताच कोणती गोळी कधी घेतली ते सांगा, सोबत बायको असो की सून.