बाईंची भाची

नाशिक,
रविवार, रात्रीचे दहा

प्रिय बेबी,


काल मुंजीच्या पंगतीतून तू अर्धं ताट टाकून उठलीस ते मी पाहिलं. तुझी चुलतमामी काय बोलली तेही ऐकलं. "घरचंच दुकान, मग माल खपणारच." आणि हे म्हणत म्हणत चिमीच्याच ताटात जिलबी वाढली. तू काही बोलली नाहीस. मीही बोलले नाही, आणि तेच रात्रभर टोचत राहिलं. फोन करणार होते, पण फोनवर तू "जाऊ दे गं मावशी" म्हणून विषय मिटवतेस. मला तो इतक्यात मिटवायचा नाही. शिवाय एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे, तीस वर्षं राहिली आहे, ती तोंडाने सांगवणार नाही.

चिमी आठ वर्षांची. आई मालिकांत, बाप नाटकात, आणि पोरीला सिनेमात काम. लोक बोलणारच. मात्र ते कधी काय बोलतात हे बघण्यासारखं आहे. माझा मास्तरकीचा जन्म, तेव्हा सुरुवात आपल्या त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांपासून करते.

१९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदासाचं काम दादासाहेबांच्या मुलाने, भालचंद्राने केलं, हे तुला ठाऊक असेल. दुसऱ्या कुणाचा मुलगा का मिळाला नाही? सांगतात ते असं की रोहिदास रानोमाळ भटकतो आणि शेवटी मरतो. मरणाऱ्या पोराची भूमिका आपल्या पोराला द्यायला एकही घर तयार होईना. मग घरातलाच उभा केला. आपल्या पहिल्या कथापटातल्या बालनटाला काम मिळालं ते बापामुळेच. फक्त त्या जागेसाठी रांगेत दुसरं कुणी नव्हतं. १९१९मध्ये 'कालिया मर्दन' काढला तेव्हा कृष्ण झाली ती मुलगी मंदाकिनी, वय वर्षं सात. तो सिनेमा बराचसा शिल्लक आहे, बघ एकदा. सुरुवातीला ती नुसती कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. मला तर वाटतं, फाळके त्यात प्रेक्षकांना आधीच सांगून टाकतात की पोरीला काय येतं ते अगोदर बघा, मग बोला.

त्याच १९१३ साली त्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमला मोहिनी. काही महिन्यांपूर्वीच 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीला अण्णा साळुंके नावाचा पुरुष उभा करावा लागला होता, कारण बाई मिळाली नव्हती. अशा काळात नटीची मुलगी असणं ही ओळख नव्हती, डाग होता. त्या मायलेकींना वशिला लावला असं कोण म्हणणार? कशाचा वशिला, बदनामीचा? पुढे त्याच कमलाबाई गोखल्यांचे चिरंजीव चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले. चौथी पिढी येईपर्यंत त्याच घराला लोक आदराने "परंपरा" म्हणू लागले. नावं ठेवणाऱ्यांची नातवंडंच पुढे तिकिटं काढून टाळ्या वाजवत बसली असतील.

आपली भाषासुद्धा लबाड आहे हं. गाण्यात घराणं म्हटलं की हात कानाच्या पाळीकडे जातो. मोगूबाईंच्या पोटी किशोरीताई आल्या याचं कौतुकच होतं. त्याच शब्दाला मागे "शाही" चिकटवली की झाली शिवी.

आता तुझ्या नावाचं सांगते. तुला "बेबी" म्हणायला सुरुवात केली आजीने, तुला माहीत आहे ते. पण का, हे कदाचित माहीत नसेल. आजीचा जीव बेबी नंदावर होता. तिचे वडील मास्टर विनायक १९४७मध्ये गेले तेव्हा नंदा जेमतेम आठ वर्षांची, म्हणजे आत्ताची चिमी. पुढच्या वर्षी 'मंदिर' आला, त्यात ती होती, आणि तिथून ते पोर कमावतं झालं. त्याच्या आधी, १९४२मध्ये, लता मंगेशकरांचे वडील दीनानाथ गेले. लताला तेरावंही पुरं झालं नव्हतं. त्याच वर्षी तिने 'पहिली मंगळागौर'मध्ये काम केलं, आणि तेव्हा त्या कुटुंबाला हात देणारे होते हेच मास्टर विनायक, वडिलांचे स्नेही. अभिनय आपल्याला कधी आवडला नाही, हे लताबाईंनी पुढे अनेकदा सांगितलं.

आता बघ. दोघींनाही काम मिळालं ते वडिलांच्या नावाने, वडिलांच्या ओळखीने, वडिलांच्याच गोतावळ्यात. पण आजी या पोरींबद्दल बोलायची तेव्हा तिचे डोळे भरायचे. "एवढंसं पोर, घर ओढतं बाई." वशिला हा शब्द तिच्या मनालाही शिवला नाही. बाप गेलेला असला की पोर बिचारी होते. बाप सेटवर खुर्ची टाकून बसलेला दिसला की तीच पोर आगाऊ, लाडावलेली, दुसऱ्याच्या ताटातलं ओढणारी. कॅमेऱ्यापुढे उभी राहणारी मुलगी दोन्हीकडे तेवढीच असते, साडेतीन-चार फुटांची.

म्हणून चुलतमामीचं वाक्य तू मनावर घेऊ नकोस, असं मी म्हणेन अशी तुझी अपेक्षा असेल. तसं मी म्हणणार नाही.

आपल्या गल्लीत एक बाई राहतात. मुलगा दहा वर्षांचा, नकला अशा करतो की पोट धरून हसावं. त्या त्याला घेऊन सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातात, तिथून लोकलने अंधेरी, तिथून रिक्षाने आरामनगर, ऑडिशनला. डब्यात पोळीभाजी, पिशवीत इस्त्रीचा शर्ट. दिवसभर जिन्यात बसायचं, दोन मिनिटं आत, रात्री परत. चार खेपा झाल्या. चौथ्या वेळी त्यांना कळलं की काम आधीच ठरलं होतं, कुणाच्या तरी घरात. ती बाई चिडून बोलते तेव्हा तिला काय सांगू? तुझ्या चिमीला त्या जिन्यात बसावं लागलं नाही, हे खरंच आहे ना? तिची परीक्षा घ्यायला माणूस घरी आला, चहा प्यायला, तिला आधीपासून ओळखत होता. हे तू नाकारू नकोस. "तिने गुणावर मिळवलं" असं पंगतीत ठासून सांगायला जाशील तर उलट ऐकून घेशील, आणि ते चुकीचं नसेल. गुण असतीलही. पण जिना वाचला तो आईबापांमुळे.

माझं म्हणणं एवढंच की ही उधारी तुमच्या दोघांच्या नावावर आहे. लोक ती वसूल करायला निघतात चिमीच्या ताटाशी.

आणि हे मी कुठल्या तोंडाने सांगते आहे? आता ते सांगते.

तू पाचवीत होतीस, आमच्याच शाळेत, आमच्याच घरी राहून. स्नेहसंमेलनात 'श्यामची आई'मधला प्रवेश बसवायचा होता आणि तो बसवत होते मी. श्याम तू करणार हे वर्गातल्या सगळ्या मुलींनी गृहीत धरलं होतं, कारण तुझ्यासारखं वाक्य कुणालाच म्हणता येत नव्हतं. मग एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत मी दाराशी असताना आतून ऐकू आलं, "यंदाचा श्याम कोण विचारायलाच नको, बाईंची भाची." हसले सगळे. वाईट हेतूने हसले असंही नाही. दुसऱ्या दिवशी मी ते काम दुसऱ्या मुलीला दिलं आणि तुला सांगितलं, "तुझा आवाज बसलाय, तू विंगेत उभी राहा, वही धर." तुझा आवाज बसलेला नव्हता, बेबी.

संमेलनाच्या दिवशी ती पोर घाबरली, तिसऱ्याच वाक्याला अडली, आणि मग सगळा प्रवेश तू विंगेतून कुजबुजत पुढे ढकललास. एकही शब्द चुकला नाही तुझा. पहिल्या रांगेत बसलेल्यांना तुझा आवाज ऐकू येत होता. मी निःपक्षपाती निघाले म्हणून कुणी माझी पाठ थोपटली नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. घरी येताना तू विचारलंस, "मावशी, माझा आवाज आज चांगला होता ना?" आणि मी तुला भेळ घेऊन दिली.

मी तुझ्यावर अन्याय केला एवढंच असतं तर एव्हाना विसरूनही गेले असते. मला छळतं ते वेगळंच. शिक्षकांच्या खोलीतल्या चार माणसांना जे उत्तर द्यायचं ते मी द्यायला हवं होतं. "मी निवडलंय, का निवडलंय ते ऐका," असं. ते धाडस झालं नाही, म्हणून मी दहा वर्षांच्या मुलीला पुढे करून मोकळी झाले. आज लोक चिमीचं जे करतात तेच मी केलं, फक्त उलट्या बाजूने.

ही गोष्ट जगभर अशीच चालते, असं दिसतं. अमेरिकेत विल स्मिथने २०१३मध्ये 'आफ्टर अर्थ' काढला. कथा त्याची, निर्मितीत तो आणि त्याची बायको, पडद्यावर तो आणि त्याचा मुलगा जेडन, चौदा वर्षांचा. सिनेमा पडला. तिथे वर्षातल्या सगळ्यात वाईट कामाला थट्टेचा पुरस्कार देतात, गोल्डन रास्पबेरी. त्या पोराला पंधराव्या वर्षी सर्वांत वाईट नट ठरवलं. बापालाही दिला, पण बापाच्या पाठीवर वीस-पंचवीस वर्षांचं काम होतं, मुलाच्या पाठीवर काय होतं? पुढे विल स्मिथने आत्मचरित्रात लिहिलं की त्याच सुमारास मुलाने त्याला कायद्याने आईबापांपासून मोकळं होण्याबद्दल विचारलं, तेव्हा त्याचं काळीज फाटलं. थट्टा करणाऱ्यांना भान यायला २०२३ उजाडावं लागलं. एका बारा वर्षांच्या मुलीचं नाव त्यांनी यादीत टाकलं, चौफेर ओरड झाली, तेव्हा नाव मागे घेऊन माफी मागितली आणि अठरा वर्षांखालच्यांना यापुढे वगळू असं ठरवलं.

पण जेडनच्या गोष्टीत मला लोकांपेक्षा बाप जास्त दिसतो. तुझ्या बाबतीतही लोकांची काळजी मला फारशी नाही. लोक चार दिवस बोलतील, मग दुसरं घर धरतील. मला काळजी आहे ती भालचंद्राची.

त्याची दुसरी गोष्ट तुला सांगितली नाही. चित्रीकरणाच्या दिवसांत तो पडला, दगडावर डोकं आपटलं, शुद्ध हरपली. मंडळी म्हणाली, पोर बरं होईतो काम थांबवू. पण सरणावर ठेवलेल्या रोहिदासाचा प्रसंग घ्यायचा होता आणि त्यात मुलाने निपचित पडायचंच होतं. फाळक्यांनी जवळची औषधं लावली आणि प्रसंग तसाच घेतला, असं त्यांच्याबद्दल सांगतात. आपण ही गोष्ट ध्येयवेडाची म्हणून मुलांना सांगतो. मीही वर्गात कितीदा सांगितली, टाळ्या घेतल्या. परवा चिमीला बघताना प्रथमच मनात आलं, की त्या दिवशी तिथे "पुरे" म्हणायचा ज्याचा हक्क होता, तोच माणूस कॅमेऱ्यामागे होता.

परक्याचं मूल असतं तर त्याचा बाप धावत आला असता, निर्मात्याची कॉलर धरली असती. चिमीचा बाप कुणाची धरणार? दिग्दर्शक त्याचा मित्र, निर्माता त्याच्या पुढच्या नाटकाला पैसे लावणार. तू स्वतः रात्री अकरापर्यंत मालिकेच्या सेटवर. ज्या ओळखीने तिचा जिना वाचला, तीच ओळख तुमची जीभ धरून ठेवील.

म्हणून विचारते, रागावू नकोस. २०१६मध्ये बालमजुरीचा कायदा बदलला आणि २०१७मध्ये त्याचे नियम आले, त्यात मुलांच्या अभिनयाचं सगळं लिहिलंय. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांवर काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती. ओळीने सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. मिळकतीचे निदान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे ठेव म्हणून, ते सज्ञान झाल्यावरच हाती. हे सगळं झालंय का? की घरचंच काम म्हणून कागद राहिलेत? परवा ती मला म्हणाली, "मावशीआजी, आम्ही कधी कधी खूप उशिरा घरी येतो, पण सगळे काकाच असतात तिथे." सगळे काकाच असतात, हे ऐकून मला झोप लागली नाही. तुम्हा दोघांशी ज्याचं काहीच देणंघेणं नाही असं एक माणूस तिच्याबरोबर ठेवा. मी येते वाटल्यास. पेन्शनीतली बाई आहे, घड्याळ बघायला माझ्याइतकी चिकट कुणी मिळणार नाही. शाळेची घंटा बत्तीस वर्षं सांभाळली आहे मी.

आणि चुलतमामीला पुढच्या वेळी मी उत्तर देईन. तिने तुझ्याशी बोलावं, माझ्याशी बोलावं, जावईबापूंशी बोलावं. पोरीच्या ताटाशी नको.

एक राहिलंच. पंगतीत चिमी जिलबी एका बाजूने चघळत होती. विचारलं तर म्हणाली, वरचा दात हलतोय आणि वीस तारखेपर्यंत तो पाडायचा नाही असं सेटवर सांगितलंय, नाहीतर आधीच्या प्रसंगात दात आणि पुढच्यात खिंडार दिसेल. म्हणून ती सफरचंद खात नाही आणि रात्री तोंड मिटून झोपते. तिला म्हणावं, सफरचंद खा. पडला तर पडला, त्यांचं ते बघून घेतील. पडलेला दात मात्र टाकू नका, कागदात गुंडाळून ठेवा. तुमच्या इमारतीला कौलं नाहीत. सुट्टीत इकडे आलात की आपल्या वाड्याच्या कौलांवर तिच्याच हाताने फेकू. मागच्या पडवीची कौलं अजून शाबूत आहेत, तुझे तीन-चार तिथेच कुठेतरी असतील.

तुझी,
मावशी