मुर्रीच्या धुऱ्यावरचा बनफशाचा नातलग

सर्दी-खोकल्याचे दिवस आले की आपल्या घरांत अजूनही जोशांदा उकळतो. उन्नाब, मुलेठी आणि गुल-ए-बनफशा. इब्न सीनांनी ‘अल-कानून’मध्ये नोंदवलेला बनफशा ही जांभळ्या फुलांची रानवनस्पती. काश्मीर-हिमाचलकडे झाडांच्या थंड सावलीत ती उगवते. युनानी हकीम तिचा मिजाज ‘सर्द व तर’ सांगतात. गोंदियाचा उन्हाळा तिला सोसणारा नाही.

पण तिचा एक नातलग आपल्याकडेही आहे. गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीत आम्ही भादव्यात गेलो, तेव्हा बांध्यांत धान पोटरीला आले होते. चिखल चुकवत धुऱ्यावरून चालताना गवतात वीतभर उंचीचे रोप दिसले: रतनपुरुष. खालची गुलाबी-जांभळी पाकळी फावड्यासारखी पसरलेली. बाकीच्या चार इतक्या लहान की फूल एकाच पाकळीचे वाटावे. तमिळमध्ये याला ‘ओरिदळ तामरै’, म्हणजे एका पाकळीचे कमळ म्हणतात. लिनियसने १७५३ मध्ये या रोपाला ‘व्हायोला’, म्हणजे बनफशाच्याच वंशात घातले होते. पुढे वंश बदलला, कूळ मात्र तेच राहिले. सुबहानल्लाह! कुठे काश्मीर, कुठे मुर्री!

नाते आहे म्हणून जोशांद्यात बनफशाच्या जागी हे रोप घालू नये. एका कुळातली असली तरी दोघांचे गुण वेगळे. आयुर्वेदात रतनपुरुष शक्तिवर्धक मानतात, आणि औषधासाठी अख्खे रोप लागते, म्हणून ते मुळासकट उपटले जाते. बी धरण्याआधीच उपटले, तर पुढच्या पावसाळ्यात तिथे काय उगवणार?

दुसरे संकट शहराचे. बांध्यांचे प्लॉट पडले की आधी धुरे सपाट होतात. जमिनीची नोंद सातबाऱ्यावर असते, धुऱ्यावरच्या रोपाची कुठेच नसते. आमच्या वर्गातल्या मुलांना बनफशा हा शब्द उर्दू शायरीतून ठाऊक होतो, पण घरापासून हाकेच्या अंतरावरचा त्याचा नातलग ते ओळखत नाहीत. ज्याची ओळख नाही, त्याच्या जाण्याचे दुःखही होत नाही.

म्हणून पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी मुलांना धुऱ्यावर न्या. फूल तोडू नका, खाली बसून दाखवा. शेतातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला त्याचे गावातले नाव विचारा आणि मुलांकडून वहीत लिहून घ्या. अल्लाहने जमिनीची अमानत आपल्या हाती दिली आहे. तिच्यावर काय काय उगवते, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे.