गार्डाचें पुढारीपण

पुढारी म्हटला कीं यवतमाळकरांस १९३० सालच्या पुसदच्या जंगल-सत्याग्रहाचे अग्रणी लोकनायक अणे आठवावे, हें योग्यच. परंतु आम्हांस शकुंतला गाडीचा गार्डही आठवतो. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरांची ती अरुंद वाट. अखेरच्या वर्षांत कित्येक स्थानकांवर रेल्वेचा नोकरच उरला नव्हता. गाडी थांबतांच गार्डानें उतरून तिकिटें विकावींत आणि मग निशाण दाखवावें. डबे इंजिनास जोडणें-सोडणें, सिग्नल देणें, सारें मूठभर माणसें हातानेंच करीत. हुद्द्याच्या पाटीस जपणाऱ्या कचेऱ्या आम्हीं पुष्कळ पाहिल्या. त्यांविषयीं येथें न बोललेलें बरें. "हें माझें काम नव्हे" असें त्या गार्डानें म्हटलें असतें, तर मोटारीचें भाडें न परवडणारीं खेड्यांतलीं माणसें फलाटावरच राहिलीं असतीं.