माळवद आणि स्लॅब

आमच्या बिडकीनच्या परिसरात औद्योगिक वसाहत उभी राहत असता गावातील जुनी माळवदे एकामागून एक उतरत आहेत व त्यांच्या जागी स्लॅब येत आहेत. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पांढरी माती टाकण्याचे कष्ट आणि गळती यांतून घर सुटले, हे योग्यच झाले. परंतु हिशेबाची दुसरी बाजू राहून जाते. दीड हात रुंदीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचेतो मध्यरात्र उलटते व तिचा जोर ओसरतो. वीतभरही जाड नसलेला स्लॅब मात्र ती नेमकी निजण्याच्या वेळी खाली सोडतो. रात्री उत्तरोत्तर उष्ण होत असलेल्या या काळात तिचा भार तान्ह्या मुलांवर व वृद्धांवर पडतो. वातानुकूलक यंत्र आणावे, तर ते आतील उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीपुढे टाकते.

संभाजीनगरच्या पाणचक्कीत हौदाखालचे दालन भर उन्हाळ्यात गार राहते; वरचे पाणी ऊन आपल्या अंगावर घेते. प्रत्येकास डोक्यावर हौद बांधणे शक्य नाही. पण स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात, पश्चिमेस ओसरी आणि अंगणात एक कडुनिंब एवढे सामान्य कुटुंबासही झेपते. गवंड्यास खोल्यांची संख्या सांगण्यापूर्वी घरातील आजी कोठे निजणार, हे सांगावे.