वाफसा

ज्वारी मला इथं पहिल्यांदा भेटली ती पाळीव प्राण्यांच्या दुकानात. शेजारच्या खोलीतल्या मुलीला तिच्या सशासाठी वाळलं गवत घ्यायचं होतं, म्हणून तिच्यासोबत गेलो होतो. कोपऱ्यात कबुतरांच्या खाद्याच्या पिशव्या रचून ठेवल्या होत्या. मका, वाटाणा आणि त्यांच्यात पांढरेशुभ्र गोल दाणे. मी वाकून एक पिशवी उजेडात धरली. ज्वारीच ती! तिला खेटून करडई. पिशवीवरची डच नावं वाचली. ज्वारी म्हणे ‘दारी’, आणि करडई म्हणे ‘कार्डी’. करडीची कार्डी झाली असेल, हे ओळखायला भाषापंडित कशाला हवा, असं त्या क्षणी वाटलं. पण ज्वारीची दारी झालेली जिव्हारी लागली. आमच्या घरी ती आतल्या खोलीत, कणगीत असते. इथं दारी, तेही कबुतरांच्या.

मी परभणी जिल्ह्यातला. आमचं शेत सेलू तालुक्यात, दुधनेच्या अलीकडं. कृषीची पदवी परभणीच्या विद्यापीठातली. 1972 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठानं ज्वारीच्या एका वाणाला ‘परभणी मोती’ आणि करडईच्या एका वाणाला ‘परभणी कुसुम’ अशी लाडाची नावं ठेवलेली. ती दोघं सातासमुद्रापार एकाच पिशवीत, तीही पाखरांच्या, म्हणजे गावाकडच्या दोन ओळखीच्या पोरी परक्या बाजारात दिसाव्यात तसं झालं. संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, ‘‘कबुतरं ज्वारी खायलीत? मंग माणसं काय खातात रे तिथं?’’

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दोन महिने लागले.

गावाचं नाव वाखेनिंगेन. नेदरलँड्समधलं, ऱ्हाइनच्या एका फाट्याकाठचं, चाळीसेक हजार वस्तीचं, म्हणजे साधारण आपल्या सेलू-जिंतूरएवढं. जिंतूरला जसं परभणीला रेल्वेतून उतरून एसटी धरून जावं लागतं, तसंच इथंही. स्टेशनचं नाव एडे-वाखेनिंगेन, पण गाडी थांबते ती एडेला, पुढं बस. विमान, रेल्वे, बस असा प्रवास करून पहिल्या रात्री दोन बॅगा ओढत उतरलो, तेव्हा स्टँडवर रिक्षावाला ‘कुठं जायचं’ म्हणत अंगावर आला नाही. याचं सुख वाटायला पाहिजे होतं. मला रडू आलं.

तर माणसं काय खातात. दुपारी थंड पाव खातात. सव्वाबारा वाजले की माझे प्राध्यापक डबा उघडतात. त्यात पावाचे दोन काप, मध्ये चीज. एकदा त्यांच्या पावावर लोणी आणि लोण्यावर काळे बारीक दाणे दिसले. मला वाटलं कलौंजी. ते चॉकलेट होतं. ‘हाखेलस्लाख’ म्हणतात त्याला. आपण लहान पोराला फसवून पोळी खाऊ घालायची म्हणून तिच्यावर साखर भुरभुरवतो, तसला प्रकार. फरक इतकाच की इथं साठीच्या घरातला मृदाशास्त्रज्ञ तो गंभीर चेहऱ्यानं खात होता आणि खाता खाता मला चिकणमातीच्या कणांवरचा विद्युतभार समजावून सांगत होता. गरम जेवण एकदाच, संध्याकाळी सहाला. साडेसहाला कोणाचा फोन येत नाही आणि कोणी कोणाच्या दारात जात नाही. आमच्याकडं जेवायच्या वेळेला पाहुणा आला तर पानावर बसवतात. इथं जेवायच्या वेळेला येणारा तो पाहुणाच नव्हे.

भाकरीचं पीठ मला मिळालं ते मोठ्या गावातल्या सुरिनामी दुकानात. 1873 साली ‘लल्ला रूख’ नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत पोचलं. त्यांचे वंशज शंभर वर्षांनी हजारोंनी नेदरलँड्सला आले. त्यामुळं आज या देशात रोटी हा शब्द सांगावा लागत नाही. त्या दुकानात ताजी भेंडीही होती. आमच्या विद्यापीठानं 1985 साली दिलेला ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण आम्ही परीक्षेला घोकलेला, पिवळ्या केवड्याला दाद न देणारा म्हणून. पेटीतली भेंडी कुठल्या वाणाची हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. भाव बघूनच हात मागं घेतला.

पिठाची मात्र विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली होती. उकळतं पाणी ओतून, तळहातानं रगडून रगडून मळलं, तरी भाकरीच्या कडा फाटायच्या. आमचं स्वयंपाकघर सामायिक, एका ओळीतल्या सगळ्या खोल्यांचं मिळून एक. मी थापायला लागलो की भिंतीपलीकडचा इटालियन पोरगा उठून यायचा. त्याला वाटायचं कोणीतरी दार वाजवतंय. आईनं बांधून दिलेलं मसाल्याचं येसर फोडणीत पडलं त्या दिवशी छतावरचा धुराचा भोंगा असा केकाटला की सगळी ओळ जिन्यातून खाली उतरून पावसात उभी राहिली. त्या दिवसापासून मी फोडणी खिडकी उघडून देतो. बाहेर दोन अंश आणि आत मोहरी तडतडतेय. परभणीची थंडी मला पाठ आहे. डिसेंबरात पेपरात परभणीचा पारा छापून येतो तो कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतलाच. पण तिथली थंडी सकाळी नऊच्या उन्हात कोवळी पडते. इथं डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं, साडेचारला मावळतं, आणि मधल्या वेळेत ऊन पडलंच तर सगळे उठून खिडकीशी येतात.

वर्गातलं वेगळंच. पहिल्या आठवड्यात मी प्राध्यापकांना ‘सर’ म्हणालो तर त्यांनी मागं वळून पाहिलं. इथं गुरूला नावानं हाक मारायची. मी महिनाभर नावही घेतलं नाही आणि सरही म्हणालो नाही. समोर गेलो की नुसतं खाकरायचो. घरी नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाया ‘अहो, ऐकलं का’ म्हणतात, त्यांची अडचण मला अशी परदेशात कळली. मग गुणांची गंमत. दहापैकी गुण, साडेपाचला पास. मला पहिल्या पेपरात सात मिळाले. परभणीत सातावर आलेलं पोरगं घरी तोंड लपवतं. इथं बाजूच्या डच मित्रानं पाठीवर थाप मारली, ‘‘सात? छान की!’’ दहा सहसा कोणाला देतच नाहीत. वडिलांना सातच सांगितले, थाप सांगितली नाही.

सप्टेंबरची 17 तारीख आली. घरून मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाचे फोटो आले. 1948 साली याच तारखेला मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला. इथं बाजारपेठेच्या चौकात मी मित्राला ते दाखवायला लागलो तर तो म्हणाला, ‘‘ही तारीख आमचीही आहे.’’ 1944 सालच्या 17 सप्टेंबरला इथून जवळच, आर्नेमच्या बाजूला, दोस्त राष्ट्रांचे छत्रीधारी सैनिक उतरले होते. ऱ्हाइनवरचा पूल काही त्यांना राखता आला नाही. सुटका आठ महिने लांबली, आणि 5 मे 1945 ला जर्मन सेनापतीला शरणागतीच्या अटी मान्य कराव्या लागल्या त्या याच वाखेनिंगेनमधल्या एका हॉटेलात. हॉटेल आजही आहे. मी रोज त्याच्यासमोरून सायकलीवर जायचो आणि मला ते पत्त्यापुरतं माहीत होतं. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणणारे आमच्या गावाला जसं स्टेशनाच्या पाटीपुरतं ओळखतात, तसंच.

मी इथं आलो तो मातीसाठी. हे शेतकी शिक्षणाचं ठाणं 1876 पासूनचं. गावाला मातीही तशीच लाभलेली. एका बाजूला रेताड माळ, खाली नदीची चिकण, पलीकडं दलदलीची काळपट, स्पंजासारखी पीट. एक सायकलफेरी मारली की तीन तऱ्हेच्या माती चाकाला लागतात. इथल्या विद्यापीठाच्या आवारात जगभरच्या मातींचं संग्रहालय आहे. जमीन उभी कापून, तिचा खांबासारखा छेद काढून, तो टिकेल असा करून भिंतीवर लावलेला. रांगेत तांबड्या, पांढुरक्या, पिवळ्या माती आणि एका ठिकाणी काळी. पाटीवर लिहिलं होतं ‘व्हर्टिसॉल’. वाळली की आकसून फाटणारी, भिजली की फुगून चिकटणारी.

मी तिच्यासमोर बराच वेळ उभा होतो. ती परभणीची नव्हती, पण पाहुण्यांतली होती. उन्हाळ्यात आमच्या रानात भेगा पडतात, तेव्हा लहानपणी आम्ही त्यात काठी घालून खोली मोजायचो. काठी संपायची, भेग संपायची नाही. जूनचा पहिला पाऊस त्या भेगांतच जिरतो. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि रानात पाय टाकला की चप्पल तिथंच राहते. आता माझ्या पुढ्यात तीच माती कोरडी, स्वच्छ, काचेसारखी गुळगुळीत, पायाला न लागणारी. मला पहिल्यांदाच वाटलं, हिचं शास्त्र मला येतंय, पण हिची शहाणीव वडिलांकडं आहे.

कारण पाटीवर सगळं होतं, एक शब्द नव्हता. वाफसा. पाऊस पडून गेल्यावर माती ना चिखल ना ढेकूळ, अशी एक वेळ येते. मातीत ओल असते आणि हवाही असते. बी टाकायची ती वेळ. ती कशी ओळखायची? मूठभर माती दाबून लाडू करायचा आणि खाली टाकायचा. चपटा होऊन बसला तर थांबा. भुरभुरून फुटला तर वाफसा. परभणीचं विद्यापीठ सांगतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. ते खरंच आहे, पण पर्जन्यमापक वाफसा सांगत नाही, मूठ सांगते. एका सादरीकरणात मी या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द शोधत अडकलो. ओलाव्याची टक्केवारी सांगितली, मशागतयोग्यता सांगितली, वर्ग माना डोलावत राहिला. शब्द काही पोचला नाही. आमच्या भाषेत एका घासात मावणारी गोष्ट इंग्रजीत तीन ओळी खात होती.

मार्च संपता संपता डच मित्र मला त्याच्या काकांच्या शेतावर घेऊन गेला. नदीच्या पलीकडं, लेक्सकेसफेरच्या फेरीबोटीवर सायकली चढवून. बोट जेमतेम पाच मिनिटांची. आमच्या गोदाकाठची नाव आठवली, फक्त नावाड्यानं इथं कार्डानं पैसे घेतले. पलीकडं नदीची जड चिकणमाती. काकांना बीट पेरायचं होतं. ट्रॅक्टर उभा, बी तयार, आभाळ चार दिवसांपासून मोकळं. तरी काका काही चढेनात. ते रानात गेले, वाकले, मूठभर माती घेतली, दाबली, आणि खाली टाकली.

ती चपटी होऊन बसली.

काकांनी मान हलवली आणि डचमध्ये काहीतरी पुटपुटले. मित्रानं सांगितलं, ‘‘म्हणतात, माती अजून ‘बेक्वाम’ नाही.’’ बेक्वाम म्हणजे लायक, समर्थ. माणसालाही म्हणतात, मातीलाही. मी दोघांसमोर तिथंच मराठीत ओरडलो, ‘‘वाफसा!’’ काकांना शब्द कळला नाही, पण माझी मूठ कळली असावी, कारण मीही तोवर वाकून माती उचलली होती. इतके महिने मी ज्याला इंग्रजीत शोधत होतो तो शब्द इंग्रजीच्या शेजारच्या भाषेत, बांधावर उभा होता.

त्या रात्री वडिलांना फोन केला. आमच्याकडं रात्रीचे साडेअकरा, पण ते जागे होते. सगळं सांगितलं. मूठ, लाडू, बेक्वाम. त्यांना शब्दाचं कौतुक नव्हतं. त्यांनी विचारलं, ‘‘पाऊस किती पडला पाहिजे तिथं, मंग पेरायला?’’

मी म्हणालो, पडायला नको, थांबायला पाहिजे. इथं हिवाळाभर पाऊस. शेताखाली नळ्या घातलेल्या आहेत, त्यातून पाणी चरात जातं, चरातून कालव्यात. पाणी बाहेर काढायला वेगळं मंडळ आहे, आणि त्या मंडळाची चार वर्षांनी निवडणूकसुद्धा होते.

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. त्यांच्या डोक्यात बहुधा जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं न आलेलं आवर्तन चाललं असावं. मग ते हसले.

‘‘म्हणजे उलटंच की रे. आपण पाणी यायची वाट बघायची, त्यांनी जायची. अन् दोघांनी थांबायचं ते एकाच ठिकाणी.’’

मग आवाज बदलून विचारलं, ‘‘भाकरीला जमायलं का आता?’’

मी म्हणालो, कडा फाटतात अजून.

‘‘फाटू दे,’’ ते म्हणाले. ‘‘पाणी बघून घाल.’’