हीट म्हणजे काय रे भाऊ?

फर्स्ट इयरची व्हायवा. समोर एक्स्टर्नल, आणि मी पालमचा, पक्का मराठी मीडियमवाला! पहिलाच प्रश्न आला, "व्हॉट इज हीट?" मी ठोकून दिलं, "सर, वस्तूत जी उष्णता असते ती." सर हसले. "वस्तूत हीट नसतेच. नेक्स्ट!"

मी चक्रावलो. नसते कशी? आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. आजी म्हणते, "पोराच्या अंगात उष्णता झालीय, सब्जा भिजू घाला." आणि हे म्हणतात, नसतेच!

रात्री होस्टेलवर पुस्तक उघडलं. तापमानातल्या फरकामुळे एकीकडून दुसरीकडे जाणारी ऊर्जा, ती हीट. वाटेत आहे तोवरच हे नाव; वस्तूत शिरली की ती अंतर्गत ऊर्जा. एसटीत असेतो प्रवासी, घरी पोचला की घरचा माणूस, तसंच! पुढे वाचून जरा बरं वाटलं. १७८९ साली खुद्द लाव्हाझिएने उष्णतेला मूलद्रव्यांच्या यादीत बसवलं होतं. १७९८ मध्ये रमफर्डने दाखवलं, की तोफेची नळी कोरताना घर्षण चालू आहे तोवर उष्णता निघतच राहते. आत साठवलेली असती तर कधीतरी संपली नसती का? म्हणजे माझी चूक निदान थोरामोठ्यांची होती!

या शब्दाने मला आणखी एकदा फसवलं. गॅदरिंगच्या नोटीसवर "१०० मीटर हीट्स, दुपारी १२" वाचलं आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा घालून गेलो. तिथे कळलं, हीट म्हणजे प्राथमिक फेरी. गाय माजावर आली तरी इंग्रजीत हीटच! आपल्याकडे बघा: बाहेर ऊन, घरात उकाडा, चुलीची धग, वाऱ्याची झळ, दुधाला मंद आच, आणि व्हायवा म्हणजे डोक्याला ताप. ज्युनिअर मित्रांनो, घाबरू नका. प्रश्न आला की आधी मनात मराठीत विचारा, यातली कुठली हीट?

राहिली ऊब. होस्टेलला येताना आजीने स्वतः शिवलेली गोधडी दिली होती. सुट्टीत मी तिला शहाणपणाने सांगितलं, "आजी, गोधडी उष्णता देत नसते. आपल्याच अंगाची बाहेर जाऊ देत नाही, एवढंच."

ती म्हणाली, "नसंल देत बाबा. पण तू झोपेत लाथाडलेली गोधडी रोज रात्री उठून अंगावर कोण टाकत होतं?"

सर, हे कुठल्या चॅप्टरमध्ये येतं?