पसरणीचा घाट आणि तेलाचा काटा

मे 2023 मधली गोष्ट. शनिवारी पहाटे पाच वाजता आम्ही सहा जण पुण्याहून पाचगणीला निघालो. गाडी भाच्याची. टर्बोचे डिझेल इंजिन असलेली, कर्ज काढून घेतलेली आणि पर्यटकांना फिरवून स्वतःचे हप्ते फेडणारी. मी पेशाने कारकून, त्यामुळे नजर आधी आकड्यांकडे जाते. स्टिअरिंगशेजारी एक नवा काटा दिसला.

"हा कशाचा रे?"

"इंजिनच्या तेलाच्या तापमानाचा, मामा. मिस्त्रीने ऑइल चेंबरला सेन्सर लावून बसवून दिला."

मी पुढे काही विचारले नाही. वर्षापूर्वी याच वाटेवर त्याच्या गाडीचा टर्बो गेला होता. चार हप्त्यांचे पैसे दुरुस्तीत गेले, गाडी पंधरा दिवस उभी राहिली आणि बहिणीने हातातल्या पाटल्या गहाण ठेवल्या. त्या काट्याची किंमत आमच्या घराला चांगलीच ठाऊक होती.

कात्रजपर्यंत पाण्याचा काटा मध्यावर आला, पण तेल साठ अंशांवरच. पाणी लवकर तापते, तेल सावकाश. आपण पाण्याचा काटा पाहून निर्धास्त होतो, तिथेच चूक होते. भगिनींना हे लगेच पटेल. कढईत तेल तापले की ते पातळ होऊन पसरते, गार असते तेव्हा जाड असते. इंजिनचे तेल 40 अंशांवर जेवढे जाड असते, तेवढे 100 अंशांवर राहत नाही. पाच-सहा पटींनी पातळ होते. म्हणून तेल 80 अंशांच्या आसपास येईपर्यंत भाचा गाडी रेटत नाही.

महामार्गावर काटा 95 वर स्थिरावला. खंबाटकी घाट चढताना 106 झाला. सुरूर फाट्यावरून आत वळून वाईला पोहोचलो. कृष्णाकाठी चहा झाला. सपाट जागा पाहून, थोडा वेळ थांबून भाच्याने डिपस्टिक पुसून तेल तपासले. तेल कमी असले की तेवढ्याच तेलावर सगळी उष्णता पडते आणि ते जास्त तापते.

वाईहून पसरणीचा घाट सुरू होतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर, पाचगणी सुमारे 1300 मीटरवर. ही 600 मीटरची चढण बारा-तेरा किलोमीटरांत संपते. एकेका वळणागणिक धोम धरणाचे पाणी आणि खालची शेते लहान होत जातात. पोरे खिडकीतून ओरडत होती, मी मात्र काट्याकडे पाहत होतो. 110, 114, 118.

"आता थांबायचं का?"

"नाही मामा. 90 ते 110 हे रोजचं. घाटात 120 पर्यंत चालतं. 130 कडे निघालं तर ॲक्सिलरेटर सोडायचा, खालच्या गिअरवर हळू जायचं."

साधे खनिज तेल 120 च्या पुढे लवकर खराब होऊ लागते, सिंथेटिक तेल थोडे अधिक सोसते. पण 150 कोणालाच सोसत नाही. तेलाच्या खुणेचा लाल दिवा ही मात्र वेगळी बाब आहे. तो तापमानाचा नसून दाबाचा असतो. तो लागला तर गाडी कडेला घेऊन इंजिन तात्काळ बंद करावे.

टर्बोचेच एवढे लाड का? इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर त्याचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. जोर लागला की हा धूर 700 अंशांच्याही वर जातो. ते चाक ज्या दांड्यावर फिरते, तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेच तेल उष्णताही वाहून नेते. घाट चढून आल्या आल्या चावी फिरवली की तेलाचा पंप थांबतो. लालबुंद टर्बोत अडकलेले तेल जळते आणि वाटेत काळा कोळसा धरतो. पुढच्या वेळी त्या वाटेने पुरेसे तेल जात नाही.

भाच्याचे नेमके हेच झाले होते. प्रवाशांना फोटोची घाई, आणि डिझेल वाचावे म्हणून हा माथ्यावर पोहोचताच इंजिन बंद करी. शिवाय तेल बदलण्याची मुदत त्याने दोनदा पुढे ढकलली होती. शिट्टीसारखा आवाज आला, निळसर धूर निघाला आणि टर्बो गेला.

या खेपेला माथा जवळ येताच त्याने वेग कमी केला. हॅरिसन्स फॉलीपाशी गाडी उभी करून इंजिन दोन मिनिटे तसेच चालू ठेवले. बहीण म्हणाली, "बंद कर ना, डिझेल जळतंय."

मी मनात हिशेब केला. दोन मिनिटांत चार रुपयांचेही डिझेल जळत नाही. तिला तो सांगितला तेव्हा ती काही बोलली नाही. रिकाम्या मनगटावर हात फिरवीत खालच्या खोऱ्याकडे पाहत राहिली.

रविवारी उतरताना गाडी गिअरमध्येच होती. न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून घाट उतरणे जिवावर बेतते. वाईत आलो तेव्हा काटा 90 वर होता. दिवाळीच्या आधी पाटल्या सुटल्या. वाचकहो, गाडीत असा काटा नसला तरी चालेल. निघताना पहिली काही मैल सबुरी, तेल वेळेवर बदलणे आणि चढण संपल्यावर दोन मिनिटे थांबणे, एवढे तरी प्रत्येकाला जमण्याजोगे आहे.